फांदीवर ठेवलेले दोन गोटे

मी आज जो काही आहे तो हंसाकाकींमुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याशीच जोडलेलं आहे.

माझे वडील काकींच्या शेतात सालदार होते, वर्षाच्या बोलीवर. प्रकाश्याजवळ, तापीच्या काठावर त्यांची केळी आणि ऊस. गावाचं नाव लिहीत नाही, काकींना ते आवडणार नाही. दहावी झाल्यावर वडिलांनी मलाही कामाला लावायचं ठरवलं होतं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं, आमच्यात तसंच चालत आलं होतं. तर काकी बांधावर उभ्या राहून त्यांना म्हणाल्या, "याले शिकू द्या. शेतमा काम करनारा मले गंज भेटतीन." मग शहाद्याच्या कॉलेजात स्वतः येऊन माझं नाव घातलं. पुढची सगळी वर्षं दूध नेणाऱ्या गाडीबरोबर माझा डबा यायचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा आईला त्यातलं फारसं कळलं नाही, पण काकींनी आईला मिठी मारली, मग आईपण रडली.

आता विश्वासाचं... भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बी.एस्सी. झालो म्हणून नाही. वडिलांबरोबर लहानपणापासून उसाला रात्रपाळीचं पाणी धरायला जायचो, त्या वयात घाबरून चालण्यासारखं नव्हतं. या ग्रुपवर मी बऱ्याच दिवसांपासून आहे. लोकांचे अनुभव वाचतो आणि मनात म्हणतो, याला काहीतरी साधं कारण असणार. माझ्या अनुभवालाही तसं कारण कोणी दिलं तर मी त्याचे आभार मानीन. खरंच सांगतो.

सध्या मी तळोद्याला एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दुरसिंग पावरा माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो तळोदा-धडगाव जीप चालवतो, त्याचं गाव वर डोंगरात. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्हाला एक नाद लागला. शहादा, नंदुरबार, अगदी सुरतकडचे लोक विचारायचे, तळोद्याजवळ बघण्यासारखे धबधबे कुठे आहेत? लोकांना एखाददुसरी नावं माहीत असायची, आणि दर रविवारी सगळी गर्दी तिथेच. पण सातपुड्यात पावसाळ्यात प्रत्येक नाल्याला कुठे ना कुठे पाणी कोसळत असतं. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं निघायचो. पाड्यावरच्या माणसांना विचारायचं, घळीतून पायवाट कशी जाते ते स्वतः चालून बघायचं, कुठे घसरडं आहे, कुठे पोरंबाळं नेता येतील ते ठरवायचं, आणि मग फोटोसह नेटवर टाकायचं. लोक जायचे, थँक्यू म्हणायचे. बरं वाटायचं.

काकींचा मुलगा चेतन. माझ्याहून लहान, पण मला नावानेच हाक मारायचा. एकाच अंगणात वाढलेलो आम्ही. तो पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला गेला होता. बरीच वर्षं तिथे होता. दरवेळी निकाल थोडक्यात हुकायचा. गेल्या उन्हाळ्यात सगळं सामान घेऊन परत आला तो पार मिटूनच. काकींचा मला फोन आला.

"सुन्या, चेतनले कोठेतरी लई जाय रे. दिनभर खाटवर पडी ऱ्हास. बोलत नई, हासत नई."

"डॉक्टरांना दाखवलं का काकी?"

"दखाडं. गोळ्या चालू शेत. पन गोळ्या खाईसन मानूस हासस का? तू लोकेस्ले ते धबधबा दखाडस ना, तठे लई जाय त्याले." मग म्हणाल्या, "आनि तो एकदा जरी हासना ना, तर मले तठूनच फोन कर. घर येवाची वाट नको पाहू."

त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मी हो म्हणालो. ज्या बाईने माझ्याकडून कधी काही मागितलं नाही, तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पावसाळ्याचा शेवट होता. पाऊस उघडून आठवडा झालेला. रविवारी सकाळच्या एस.टी.ने चेतन तळोद्याला उतरला. अंगात पिवळाजर्द रेनकोट, आणि ऊन पडलेलं.

दुरसिंग त्याला बघून म्हणाला, "आला रे, झेंडूचं फूल आलं."

"आईने घालायला लावला," चेतन म्हणाला. बस. घाट लागेपर्यंत तेवढंच बोलला.

चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या बाजूला उतरायला लागलं की डाव्या हाताला एक खोल दरी दिसते. तिथून एक कच्चा रस्ता एका नाल्यापर्यंत जातो. नाला पुढे एका अरुंद घळीत शिरतो, दोन्ही बाजूंना काळे कडे, आणि घळीच्या टोकाला धबधबा आहे असं दुरसिंगच्या मामाने सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही तो पाहिलेला नव्हता. नेमकी जागा मी मुद्दाम लिहीत नाही. कोणी जाऊ नये म्हणून.

जीप रस्त्याच्या कडेला लावून आम्ही चालायला लागलो. आभाळ आमच्या डोक्यावर मोकळं होतं. वर, मध्य प्रदेशच्या बाजूला, ढग होते. दुरसिंगने एकदा तिकडे बघितलं. "दुपारनंतर येईल. तोवर आपण परत," म्हणाला.

थोडं गेल्यावर वाटेला फाटा फुटला. एका वाटेवर सागाची एक सुकलेली फांदी आडवी पडलेली. चेतन ती ओलांडून सरळ निघाला.

"ओ झेंडूभाऊ, तिकडे नाही!" दुरसिंग ओरडला. "फांदी दिसली नाही का?"

"फांदीचं काय?"

मग दुरसिंगने त्याला समजावलं. डोंगरात दोन वाटा फुटतात तिथे पुढे गेलेला माणूस जी वाट घ्यायची नाही तिच्यावर पाल्याची फांदी मोडून आडवी टाकतो. मागून येणाऱ्याला कळतं, इकडे नाही, दुसरीकडे. लग्नाला, बाजाराला माणसं पुढे-मागे निघाली की असंच करतात. "तुमच्या शहाद्यात पाटी लावतात ना, दिशा दाखवायला? आम्ही जायचं नाही तिकडे लावतो. जायची वाट मोकळीच असते."

चेतनला हे फार आवडलं. का ते मला माहीत नाही. तो थांबला, मागे वळून त्या फांदीकडे बघत राहिला. पुढच्या फाट्यावर म्हणाला, "मी लावतो." एक फांदी मोडली, वाटेवर आडवी ठेवली, आणि नाल्यातून दोन गोल गोटे आणून तिच्या दोन्ही टोकांवर ठेवले.

दुरसिंग बघतच राहिला. "हे काय?"

"वाऱ्याने उडू नये म्हणून."

"अरे भाऊ, फांदी आहे ती, तुझ्या केळीतली ठिबकची नळी नाही!"

"नळीपण अशीच दाबतो आम्ही."

"तेच म्हणतो मी! आमच्या सात पिढ्यांत कोणी फांदीवर दगड ठेवला नाही. आता लोक म्हणतील, इथून कोणीतरी पाटील गेला."

आणि चेतन हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, लहानपणी हसायचा तसा. मी लगेच खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. ठरवलं, वर कुठेतरी रेंज मिळेल, तिथून काकींना लावू.

त्यानंतर तो बोलायलाच लागला. पुण्याच्या खोलीतल्या पार्टनरची नक्कल केली. पुढच्या रविवारी आईला आणू म्हणाला, तिने जन्मात धबधबा पाहिला नाही, तिला निदान पहिल्या नाल्यापर्यंत तरी आणू. प्रत्येक फाट्यावर फांदी तोच टाकायचा, आणि दरवेळी दोन गोटे. दुरसिंग दरवेळी कपाळावर हात मारायचा.

मग आम्ही नाला ओलांडला आणि माझ्या सँडलचा तळ निघाला. चांगला अर्धा निघाला. दुरसिंग म्हणाला, थांब, बांधून देतो, आणि वेलीची साल काढायला लागला. भुरभुर सुरू झाली होती. मी काठावरच्या दगडावर बसलो, काळी छत्री उघडली.

"मी होतो पुढे," चेतन म्हणाला. "फांद्या लावत जातो. तुम्ही या मागून."

"लांब जाऊ नको," मी म्हणालो.

"अरे, तुम्हाला वाट दाखवायला चाललोय मी!"

तो वळणावरून दिसेनासा झाला. पिवळा रेनकोट झाडीतून थोडा वेळ दिसत राहिला, मग तोही दिसला नाही. मी त्याला चालताना पाहिलं ते एवढंच.

सँडल बांधायला वेळ लागला. दुरसिंगची साल दोनदा तुटली. मग आम्ही निघालो. थोड्याच अंतरावर फाटा होता... एक वाट नाल्याच्या कडेने सरळ घळीत शिरत होती, दुसरी उजवीकडे टेकडीवर चढत होती. घळीच्या वाटेवर ताजी फांदी आडवी. दोन्ही टोकांवर गोटे.

दुरसिंग थांबला. "हा वर कशाला गेला? धबधबा तर घळीत आहे."

"पुढे पाणी जास्त असेल. वळसा घेतला असेल."

"असेल." त्याने हाक मारली. चेतन! उत्तर नाही. नाल्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटलं.

आम्ही टेकडी चढायला लागलो. थोड्या वेळाने पुन्हा फाटा. एक वाट पुन्हा खाली घळीकडे उतरत होती. तिच्यावर फांदी, गोटे. अजून वर तसंच. जिथे जिथे खाली उतरायची वाट होती तिथे ती बंद, आणि वर जाणारी मोकळी. मोडलेल्या जागी लाकूड ओलं होतं, पानं टवटवीत. म्हणजे नुकतीच टाकलेली.

एका ठिकाणी दुरसिंगने वाकून गोटा उचलला. हातात फिरवला.

"सुनील, हा बघ. हा खालचा आहे, नाल्यातला. इथे वर असले गुळगुळीत दगड कुठे आहेत? तुझा मित्र खिसे भरून गोटे घेऊन चढला का?"

"केळीवाले आहेत ते. सामान घरून आणतात."

दोघं हसलो. गोटा ओला होता. भुरभुर चालूच होती, त्यामुळे तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नंतर आठवलं की खालची बाजूपण ओली होती... जमिनीवर टेकलेली. आणि तिला हिरवं शेवाळ होतं, ओलं, बोटाला लागणारं.

मी अजून दोनदा हाक मारली. मला थोडा रागही आला होता, खरं सांगायचं तर. एवढं पुढे जायचं कशाला? पण त्या रागातही आनंद होता. जो पोरगा खाटेवरून उठत नव्हता, तो आमच्यापेक्षा जोरात डोंगर चढतोय. रेंजसाठी फोन वर धरत धरत मी चढत होतो. काकींना कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो.

शेवटची फांदी टेकडीच्या माथ्याजवळ होती. तिच्या पलीकडे पाडा दिसला. चार-पाच घरं, कुडाच्या भिंती, मक्याचं शेत. एका घरासमोर माणसं जमली होती. बायका, पुरुष, सगळे उभे. आम्ही दिसलो तशी माणसं बाजूला झाली.

अंगणात खाट होती. खाटेवर पिवळा रेनकोट.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. मी त्याचे पाय चोळत होतो एवढं आठवतं. दुरसिंग पावरी बोलीत मोठमोठ्याने काहीतरी विचारत होता, एक म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उत्तरं देत होता. चेतनचं अंग थंड होतं. केसांतून पाणी गळणंही थांबलेलं होतं, म्हणजे पाण्यातून काढून बराच वेळ झाला होता. ते मी बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात खालून आवाज आला. आधी मला वाटलं जीप आहे. मग जमीन थरथरली. सगळे कड्याच्या टोकाला धावले. घळ वरून खालपर्यंत तांबड्या पाण्याने भरली होती. झाडं उभीच्या उभी वाहत होती. वर कुठेतरी आधीच जोरात पाऊस पडून गेला होता, त्याचा लोंढा आत्ता खाली पोचला होता. आम्ही ठरल्याप्रमाणे नाल्याने गेलो असतो तर त्या वेळी बरोबर घळीच्या मध्ये असतो. तिथून बाहेर पडायला जागाच नाही. हे मी नंतर जाऊन नाही, वरून बघूनच सांगतो.

नंतर कळलं ते असं. सुरकीबाई नावाची एक बाई पाड्याखालच्या उतारावर ढोरं चारत होती. तिला खाली सगळा नाला दिसत होता. तिने पिवळा रेनकोटवाला पोरगा एकटाच पुढे येताना पाहिला. फाट्याच्या अलीकडेच तो वाट सोडून खाली, वाटेवरून दिसत नाही अशा एका कुंडाकडे उतरला, खडकावर उभा राहिला, मोबाईल काढला. तिचा एक बैल वर निघाला म्हणून ती वळली. परत बघितलं तर खडकावर कोणी नव्हतं. तिने हाका मारल्या. मग पाड्यावर धावत गेली. चार माणसं मागच्या बाजूच्या खड्या वाटेने उतरली, कुंडातून त्याला काढलं आणि त्याच वाटेने वर आणलं. त्याच्या डोक्याला मागे मार होता. श्वास तेव्हाच नव्हता.

दुरसिंगने तिला विचारलं, "आम्ही कुठे होतो तेव्हा?"

तिने खाली बोट दाखवलं. दुरसिंगने तिला पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग मला सांगितलं, "ती म्हणते, हा दिसेनासा झाला तेव्हा खाली नाल्याच्या काठावर एक काळी छत्री उघडी होती. दोन माणसं बसलेली होती."

म्हणजे आम्ही सँडल बांधत होतो.

"मग फांद्या?" मी विचारलं.

त्याने म्हाताऱ्याला विचारलं. पाड्यावरच्या प्रत्येकाला विचारलं. त्या बाजूला सकाळपासून कोणी गेलंच नव्हतं. सुरकीबाई म्हणाली, ती वाट उतारावरूनही दिसते आणि पाड्यावरूनही, त्या वाटेने आम्हा दोघांशिवाय कोणी वर चढलेलं नाही. आणि म्हातारा म्हणाला, "फांदीवर दगड कोण ठेवेल?"

चेतन त्या फाट्यापर्यंत पोचलाच नव्हता. घळीची वाट बंद करणारी पहिली फांदीसुद्धा त्याने टाकलेली असू शकत नाही. मग वरच्या तर...

पोलीस आले, पंचनामा झाला, धडगावच्या दवाखान्यात पुढचं सगळं झालं. फांद्यांचं मी कोणाला बोललो नाही. काय बोलणार? दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर दुरसिंग जीप आणायला गेला तेव्हा एकटा ती टेकडी चढून आला. फांद्या होत्या. पानं मलूल झाली होती. गोटे होते. त्याने फोटो काढले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाला, "फोटो कोणाला दाखवू? त्याच्या आईला?" त्यानंतर आम्ही दोघं कुठल्याच धबधब्यावर गेलो नाही. आधी टाकलेल्या सगळ्या वाटा मी काढून टाकल्या. दुरसिंग अजून जीप चालवतो. त्या वळणावर तो रेडिओ बंद करतो, एवढं एका प्रवाशाने मला सांगितलं.

मी कारणं शोधली. कोणी गुराखी असेल. सुरकीबाईची नजर चुकली असेल. काळी छत्री दुसऱ्या कोणाची असेल. प्रत्येक कारण थोडं अंतर चालतं आणि त्या गोट्यांपाशी येऊन थांबतं.

पण मी हे लिहितोय ते फांद्यांसाठी नाही.

दहाव्याला मी गावी गेलो होतो. तापीवर विधी झाले. घरी आल्यावर ओटीवर बायका बसलेल्या, मध्ये काकी. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. सगळ्यांसमोर विचारलं,

"सुन्या, खरं सांग. तो पडना, का त्यानी उडी मारी?"

कोणीतरी म्हणालं, असं काय विचारते. काकींनी हात सोडला नाही. "मी धाडं त्याले. मी रेनकोट घाली दिधा. याले माहीत शे. याले बोलू द्या."

मी बोललो नाही. पडताना कोणी पाहिलं नव्हतं. सुरकीबाईने फक्त आधीचं आणि नंतरचं पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं उत्तर त्या बाईला देण्याची माझी हिंमत नव्हती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना वाटलं मी लपवतोय. हात सोडून दिला. तेव्हापासून त्या माझा फोन घेत नाहीत. वडील सांगतात, जेवत नाहीत, रात्री उठून ओटीवर बसतात, आणि कोणी भेटायला आलं की तेवढं एकच विचारतात.

बरेच दिवस मी गप्प राहिलो. फांद्यांचं सांगितलं तर त्या म्हणतील सुन्या मला पोरासारखं समजावतोय, किंवा याचं डोकं फिरलं. शेवटी मी पत्र लिहिलं. फोन ठेवून देता येतो, पत्र घरात पडून राहतं, कधीतरी वाचावंसं वाटेल असा विचार केला. काल पोस्टात टाकलं. तेच खाली देतो. तुमच्यापैकी कोणाला फांद्यांचं कारण सुचलं तर जरूर सांगा. माझ्याकडे अजून काहीही नाही.

*

तीर्थरूप हंसाकाकींना, सुनीलचा शिरसाष्टांग नमस्कार.

काकी, तुम्ही विचारलं त्या दिवशी मी गप्प राहिलो ते लपवायला नाही. मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. त्या क्षणी त्याला कोणी पाहिलं नाही. त्यामुळे "तो पडला" असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तुम्ही मला शिकवलं आहे, तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही.

जे पाहिलं ते सांगतो. तो हसला होता. नाल्याच्या अलीकडे, अगदी मोठ्याने. मी लगेच फोन काढला होता, रेंज नव्हती. पुढच्या रविवारी तुम्हाला तिथे आणायचं त्याने स्वतः ठरवलं होतं, मला सांगितलं, दुरसिंगलापण सांगितलं. तुम्ही धबधबा पाहिलेला नाही याचं त्याला वाईट वाटत होतं. हे शब्द त्याचे आहेत, माझे नाहीत.

अजून एक आहे. डोंगरात पुढे जाणारा माणूस नको ती वाट फांदी टाकून बंद करतो. ते त्या दिवशी तो शिकला. त्यावर तो दोन दगड ठेवायचा, आपण केळीत नळी दाबतो तसे. आम्ही दोघं मागे राहिलो आणि त्या फांद्या बघत बघत वर चढलो, म्हणून पुरातून वाचलो. पण तिथले लोक म्हणतात त्या वेळी तो कुंडात होता. आम्हाला त्याच फांद्यांनी तुमच्या चेतनपाशी नेलं. त्या कोणी लावल्या हे मला कळत नाही. मी खूप विचार केला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून रचून सांगत नाही, रचायचं असतं तर सोपं काहीतरी रचलं असतं. दुरसिंग साक्षीला आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा तो येईल.

यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघतं का, ते मी ठरवणार नाही. ते तुम्हीच ठरवा. त्याला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो आहे. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. ओटीवर बसेन, जेवायची वेळ झाली की तुमच्यासमोर ताट ठेवेन. तुम्ही जेवला नाहीत तर मीपण जेवणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारेन. रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा. जितके दिवस लागतील तितके दिवस बसेन.

तुमचा,
सुनील